साहेब लाइव्ह असताना

आमच्या सोसायटीची खालची टाकी महिनाभर अर्धीसुद्धा भरत नव्हती. वरच्या मजल्यांवरच्या बायका बादल्या घेऊन उतरायच्या आणि जाताना आमच्या दाराकडे बघायच्या, कारण माझे मिस्टर पाणीखात्यात इंजिनिअर. आमचा सेक्टर त्यांच्याकडेच.

"अहो, एकदा लाइन बघा ना."

"स्वतःच्या बिल्डिंगची? लोक म्हणतील, साहेबांनी पाणी आपल्याकडे वळवलं."

"आत्ता म्हणतायत, साहेबांना आंघोळ लागत नाही."

ते हसले नाहीत. वरून सांगितल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांचे वरिष्ठ टीव्हीवर आले. पाण्याचं राजकारण असा विषय, थेट प्रक्षेपण, प्रेक्षकांचे फोन. मिस्टर हॉलमध्ये ताठ बसून बघत होते. मी स्वयंपाकघरातून नंबर लावत राहिले. पोळ्या संपता संपता लागला.

"ताई, आधी तुमच्या टीव्हीचा आवाज बंद करा," निवेदिका म्हणाली.

"अहो, आवाज बंद करा!"

"साहेब बोलतायत."

"आता माझ्याशी बोलणारेत."

त्यांनी बंद केला.

मी सेक्टर सांगितला, सोसायटी सांगितली. नाव विचारल्यावर 'एक गृहिणी' म्हटलं. लगेच स्टुडिओत बसलेले दोन पक्षांचे प्रवक्ते पाणी कोणामुळे गेलं यावर भांडू लागले. "तुम्ही भांडा सावकाश," मी म्हटलं, "पण पाणी कधी येणार ते साहेबांना सांगू द्या." साहेब म्हणाले, उद्या सकाळी आमचे इंजिनिअर स्वतः येतील.

जाहिराती लागल्या आणि मिस्टरांचा फोन वाजला.

"हो सर. हो सर, सोसायटी पाहिलेली आहे. बाईंना ना? भेटतो सर."

जेवताना ते म्हणाले, "माझी नोकरी घालवशील तू."

"वरून सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग भात घ्या."

सकाळी ते माणसं घेऊन आले. केबलसाठी खणणाऱ्या कुणीतरी गेटबाहेरच्या व्हॉल्व्हवर राडारोडा लोटला होता, आणि त्याखाली व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता. तो मोकळा केला. दुपारपर्यंत टाकी काठोकाठ भरली.

मग आमची बेल वाजली. त्यांच्याकडे किल्ली असते. तरी बाहेर बूट घालून उभे होते.

"साहेबांनी विचारलंय, तक्रारदार बाईंचं समाधान झालं का?"

"झालं. आत या, जेवून जा."

"तक्रारदाराकडे जेवत नाही," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.