भाऊंच्या सशांची बारी

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अनवाणी पायांनी तारेच्या जाळीवर उभे होते. डोळे मिटलेले, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला आणि मनगटावरचं घड्याळ काढून मुठीत धरलेलं. विरारहून आगाशीपर्यंत बसने आणि पुढे पायी अशी घामाघूम होत मी नंदाखाल गावातल्या त्यांच्या वाडीत पोचले, तर समोर हा प्रकार. "नमस्कार, मी कॉलेजातून आले," एवढं म्हणते न म्हणते तोच त्यांनी एक बोट वर केलं. काही वेळाने ते खाली उतरले, तळवे चोळले आणि म्हणाले, "सात मिनटं. त्याच्यापुढे मला जमत नाय. तुझ्या सशिणी किती दिवस राहणार यावर?"

"आठ महिने."

"बरं," भाऊ म्हणाले आणि बायकोला, म्हणजे काकींना, चहा टाकायला सांगितला. त्या 'बरं'चा अर्थ मला त्याच दिवशी कळला असता, तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

ससे खरं तर भाऊंचे नव्हतेच. त्यांच्या मुलाने हौसेने शेड बांधली, चोवीस माद्या आणि तीन नर आणले आणि वर्षभरात नोकरी लागून तो पुण्याला गेला. भाऊंचा सगळा जीव केळीत. ससे गळ्यात पडले ते पडलेच. आमच्या सरांना कुठूनसा या शेडचा पत्ता लागला आणि माझ्या पदवीचं संशोधन तिथे ठरलं. बारा माद्या एकेकट्या तारेच्या पिंजऱ्यात ठेवायच्या, सगळीकडे ठेवतात तशा. उरलेल्या बारा चार-चारच्या गटाने मोठ्या खोपट्यांत. खाली लाकडी फळ्या, वर चढून बसायला एक माळा. कोणाची तब्येत चांगली राहते, कोणाची पिल्लं जास्त जगतात, ते बघायचं. अट एकच: आठ महिने कोणीही जागा बदलायची नाही. मी हे भाऊंना तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा ते 'बरं' म्हणाले.

माझ्याशी ते इस्त्री केलेलं मराठी बोलत. मधूनच एखादी चुणी राहून जाई तेवढीच. घरची बोली त्यांनी काकींसाठी आणि सशांसाठी राखून ठेवली होती. मी शेडमध्ये शिरले की आतलं बोलणं एकदम थांबे आणि चोवीस जणी माझ्याकडे अशा बघत, जणू आत्ताच माझा विषय चालला होता.

दर सोमवारी मी प्रत्येकीचे मागचे पाय तपासायची. जाळीवर बसून तळव्यांना घट्टे पडतात, मग जखमा होतात. काहीच नसेल तर शून्य आणि फार वाईट असेल तर तीन, असे गुण वहीत लिहायचे. भाऊ सशीण उचलून धरत, उताणी करत आणि विचारत, "किती मार्क?" मी दोन म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. "ही कसली तुमची शाळा? जास्त मार्क मिळाले की नापास!" तेव्हापासून मी मास्तरीणबाई झाले. काकीही मला तशीच हाक मारू लागल्या आणि आगाशीच्या भाजीवालीपर्यंत ते नाव पोचलं.

मादी नराला दाखवायचा दिवस असला की भाऊ अंघोळ करून, कपाळाला गंध लावून शेडमध्ये येत. यात मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावं लागतं. नर तिच्या पिंजऱ्यात सोडला तर ती त्याला बोचकारून काढते. मी हे पुस्तकात वाचून गेले होते. भाऊंना ते वाचायची गरज पडली नव्हती. "घर तिचं असलं की ती त्याला उभंच करत नाय," ते ओटीकडे चोरून बघत म्हणाले. "मी चाळीस वर्षं बघतोय." ओटीवरून काकींनी विचारलं, "काय बघताय?" भाऊ म्हणाले, "ससे."

पाचव्या महिन्यात मला एक शोध लागला. एकट्या पिंजऱ्यात राहणाऱ्या माद्यांच्या कानांवर ओरखडे दिसू लागले. शेजारीण नाही, भांडण नाही, मग ओरखडे कुठून? मी रात्रंदिवस विचार केला आणि तीन पानं लिहून काढली: एकटेपणाला कंटाळून या माद्या स्वतःलाच ओरबाडतात. सर इतके खूश झाले की एका परिषदेत ते हा निबंध वाचणार होते. मी भाऊंनाही तो वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि "फार छान लिहिलंयस" म्हणून घाईघाईने केळीला पाणी लावायला गेले. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. भर दुपारी भाऊ कधी पाणी लावत नसत.

सातव्या महिन्यातल्या एका सोमवारी मी शेडमध्ये गेले तर सात नंबरचा पिंजरा रिकामा. ही मंगळवारी व्यायची होती. मी धावत खोपट्यापाशी गेले. माळ्याच्या कोपऱ्यात केळीच्या वाळक्या सोपटांचं, म्हणजे खोडाच्या सालपटांचं, सुरेख घरटं, त्यात पोटाचे केस उपसून घातलेले, आत सहा पिल्लं आणि शेजारी कानावर ठसठशीत सात नंबर असलेली सशीण. मागे भाऊ उभे होते, हात जोडून.

"दोन दिवस आधीच बाळंत झाली," ते म्हणाले. "नायतर सकाळीच उचलून जागेवर ठेवली असती."

"म्हणजे रोज उचलता?"

"रोज कशाला? शनिवारी तू गेलीस की पिंजऱ्यातल्या चौघी इकडे, इकडच्या चौघी तिकडे. सोमवारी तू यायच्या आत परत. दर आठवड्याला दुसऱ्या चौघी."

भाऊंच्या वाडीला लागून बावखल आहे, जुनं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर पाच घरांच्या वाड्या भिजतात आणि प्रत्येक घराची पाण्याची बारी ठरलेली. लग्न असो की मयत, बारी चुकत नाही. ज्याने आयुष्यभर पाणी असं वाटून घेतलं, त्याला बारा जणी फळीवर आणि बारा जणी जाळीवर हे बघवेना. त्याने फळीची बारी लावून दिली. आणि एकमेकींना अनोळखी चौघी एका घरात शिरल्या की व्हायचं तेच होई. माझे ते ओरखडे एकटेपणाचे नव्हते, रविवारच्या मारामारीचे होते.

मी रडले, ओरडले आणि मग हळूच एक पापी विचार केला. सात नंबरची नोंद बदलली तर कोणाला कळणार? सरांना परिषद हवी होती, मला पदवी. मी पेन काढलंसुद्धा. भाऊंनी वहीवर हात ठेवला. "वहीत खोटं लिहू नको. बारी एकाने खोटी सांगितली की पुढची चारही घरं चुकतात. साहेबांना मी सांगतो."

गुरुवारी सर आले. भाऊंनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. सर लालबुंद झाले. मग भाऊ म्हणाले, "साहेब, रागवा. फक्त जरा बूट काढून या जाळीवर उभे राहून रागवा." का कोण जाणे, सर खरंच उभे राहिले. चौथ्या मिनिटाला उतरले, मोजे चढवले आणि मला म्हणाले, "पहिल्यापासून सुरू करा." परिषदेत ते दुसऱ्याच विषयावर बोलले.

मी आठवडाभर भाऊंशी बोलले नाही. माझ्या मैत्रिणी नोकरीला लागल्या आणि मी पुन्हा आगाशीच्या बसमध्ये. नव्याने सुरुवात केली त्या दिवशी भाऊंनी शेडची किल्ली काकींना दिली. शनिवार-रविवार चारापाणी काकींनी बघायचं, यांनी आत पाऊल टाकायचं नाही. मग पायांतल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. "तुझं संपेपर्यंत ठेव. त्या बारा जणींना माझ्यामुळे दुसऱ्यांदा भोगायचंय. मलापण थोडं कळू दे." मी चपला शेडच्या खिळ्याला टांगल्या आणि चिडून त्यावर चिठ्ठी लावली: नंबर पंचवीस. भाऊंना ती फार आवडली. आठ महिने हा माणूस ऊनपावसात वाडीभर अनवाणी हिंडला आणि दर सोमवारी चोवीस जणींनंतर स्वतःचा तळवा पुढे करून विचारू लागला, "किती मार्क?" मी हसू दाबून नुसते सांगायची, वहीत लिहायची नाही.

निष्कर्ष निघाला तो असा: जाळीवरच्यांचे पाय वाईट, खोपट्यातल्यांचे पाय उत्तम पण कान फाटलेले. मोठं घर दिलं तरी भांडणाऱ्यांना एकमेकींपासून लांब जायला जागा लागते. "भावकी आहे," भाऊ म्हणाले. आणि जिथे मोठं घर परवडत नाही तिथे जाळीवर निदान एक फळी टाका, असं मी शेवटी लिहिलं. "एवढ्यासाठी एवढा वेळ लागला?" भाऊंनी विचारलं. "तुम्ही मध्ये नसतात तर निम्माच लागला असता," मी म्हटलं. शेवटच्या दिवशी चपला घालायला दिल्या तर म्हणाले, "आधी त्या." बाराही जणी फळीवर बसल्या, मगच यांनी पाय घातले.

आता मी गावोगाव ससेपालन करणाऱ्यांना सल्ला द्यायला जाते. आधी चपला काढून त्यांच्या जाळीवर उभी राहते. लोक तोंडाला रुमाल लावून हसतात. पण बहुतेक जण दुसऱ्या खेपेपर्यंत फळी टाकतात.

गेल्या वर्षी भाऊ पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा तीन महिने अंथरुणाला खिळलेले होते. इतके वाळले होते की मला बघवेना. मला पाहताच त्यांनी चादरीतून टाच बाहेर काढली. "बघ गं मास्तरीणबाई, किती मार्क?"

मी टाच हातात घेतली आणि सवयीने उजेडाकडे वळवली. पडून पडून तिला खोल जखम झाली होती. "शून्य," मी म्हटलं.

भाऊंनी डोळे मिटले, त्या पहिल्या दिवशी जाळीवर मिटले होते तसेच. "खोटं," ते म्हणाले आणि हसले. मी आणि काकींनी वाडीतून वाळकी सोपटं आणली, मऊ कापडात गुंडाळली आणि त्यांच्या टाचेखाली ठेवली. त्यांनी टाच त्यावर नीट टेकवली. मग म्हणाले, "सात नंबर शहाणी होती."

त्याच आठवड्यात भाऊ गेले. वाडीवरून परत आल्यावर मी कपाटातून जुनी वही काढली. चोवीस माद्यांच्या खाली पट्टीने एक ओळ आखली, पंचवीस नंबर घातला आणि खरे मार्क लिहिले: तीन.