दुसरी आवळणी

गौतममामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाळकुम गावातल्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. अर्धा गाल साबणात होता. मोहन्याहून मामांच्या शेजाऱ्याने सांगितलं, पहाटे झोपेतच गेले, दुपारी नेणार आहेत. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार मामांचा आला नाही... माझ्या ट्रकचा आला. ट्रकची दुसरी आवळणी राहिली होती, आणि माझा ड्रायव्हर किसन सकाळीच विटा भरायला खडवलीला गेला होता.

मामा माझ्या नात्यातले नव्हते, सगळेच त्यांना मामा म्हणत. मोहन्याच्या रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे जन्मभर त्यांनी एकच काम केलं, ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि शॉकअप बदलायचं. इंजिनाचं काही विचारलं की म्हणत, "ते डॉक्टर वेगळे. आपण हाडवैद्य." त्यांची एक रीत होती. नवे पाटे भरलेल्या गाडीच्या वजनाने बसतात आणि त्यांना धरून ठेवणारे बोल्ट थोडे सैल होतात. म्हणून आठ दिवस माल वाहून झाला की गाडी परत आणायची. मामा बोल्ट पुन्हा आवळत आणि मग प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. "रेघ ओढली की गाडी तुझी," ते म्हणत, "तोवर माझी."

आमचा ट्रक माझ्या वडिलांच्या वेळचा. त्याच्याही पाट्यांना मामांशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. हल्ली तो उजवीकडे कलायला लागला होता. खड्डा आला की रिकामी गाडीसुद्धा अशी आपटायची, की किसन आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग माझं. शेवटी मामांकडे नेला.

"मामा, डावीकडचे राहू द्या ना. बरे आहेत अजून."

"अरे पाटला, एका पायात नवी चप्पल नि एका पायात झिजकी घालून तू हळदीत नाचशील काय?"

दोन्ही बाजूंचे पाटे बदलले, चारही शॉकअप नवे. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे आठ दिवसांनी यायला सांगितलं आणि मी गमतीत म्हणून गेलो, "वय झालं मामा तुमचं. पहिल्या वेळी नीट आवळता येत नाय का आता?" तोंडातून निघाल्यावर कळलं की ही गंमत नव्हती. मामा खाली मान घालून हात पुसत बसले, मी गाडी चालू केली तरी वर पाहिलं नाही. पुढे आठ दिवस झाले, बारा झाले. मी गाडी पाठवली नाही. थोडा आळस होता, बाकी सगळी शरम.

साबण पुसला आणि किसनला फोन लावला. म्हटलं, आहेस तिथे थांब, गाडी हलवू नकोस. खडवली स्टेशनच्या अलीकडे विटांनी भरलेला ट्रक कडेला उभा होता. मोहन्याला जायचं म्हणून घातलेल्या पांढऱ्या शर्टासकट मी खाली शिरलो. पहिल्याच नटावर पिवळी रेघ दिसली. दुसऱ्यावर होती, पलीकडच्या चाकाला होती, सगळ्या नटांवर होती. एखादी किंचित वाकडी होती, पण तुटलेली एकही नव्हती.

"किसन, हे कधी झालं?"

"मंगळवारी. मामा कल्याणला स्टँडवर आलेले, पाना नि रंगाची डबी घेऊन. मी बोललो, शेठला फोन लावतो. तर बोलले, नको सांगू रे त्याला. त्याला वाटेल, म्हाताऱ्याचा स्वतःच्या हातावर भरवसाच नाय. आणि काय हसत होते, शेठ! दोन वेळा चहा प्यायले."

मी तसाच खाली पडून राहिलो. गाडी धड होती आणि मामा माझ्यावर रागावले नव्हते. दोन्ही एकदमच कळलं आणि मला हसू आलं, मग रडू आलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. किसनला मात्र अजून काहीच माहीत नव्हतं. बाहेर येऊन मामा गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने गाडीखाली वाकून त्या रेघा एकदा पाहिल्या.

मोहन्याला वेळेत पोचलो. पाठीला चिखल, बाहीला ग्रीस. मामांच्या बायकोने, मामींनी, माझा शर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. "रेघ बघून आलास वाटतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि तेव्हा कुठे मोकळेपणी रडल्या.

जलदान विधी होऊनही आता महिना झाला. शेड बंद आहे. दर रविवारी मी फडकं घेऊन ट्रकखाली शिरतो आणि नटांवरचा चिखल पुसतो. रेघा जशाच्या तशा असतात. काम संपलं तरी मी लगेच बाहेर येत नाही.

"शेठ, ठीक आहे ना गाडी?" किसन वरून विचारतो.

"ठीक आहे रे," मी म्हणतो. "मामांची गाडी आहे."