तात्या दारात बसायचे

फलटणला लेकीकडे होतो, तेव्हा फोन आला. अक्कांचा पुतण्या इतकं हळू बोलत होता, की तो काय सांगणार हे मला आधीच कळलं. सुभेदार बिराप्पा, अक्कांचे मालक आणि आमचे तात्या, गेले. त्याला आता दीड महिना होईल... अजून रविवार उजाडला की पाय त्यांच्याच घराकडे वळतात.

आमची गाठ पलटणीत पडली. सीमेवरच्या चौकीत माझा जोडीदार माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि त्यानंतर माझ्या मुठी उघडेनात. जेवतानासुद्धा डावी मूठ आवळलेली. त्याच सुमारास तात्या एक नवं शिक्षण घेऊन आले. पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे, पायाच्या बोटांपासून एकेक अवयव आधी घट्ट आवळायचा आणि मग सैल सोडायचा. "झोपाय शिकवाय सुभेदार लागतोय व्हय?" म्हणून मीच सगळ्यांत जास्त हसलो होतो.

पहिल्या दिवशी फजिती झाली ती त्यांचीच. आवाज मऊ ठेवा, असं त्यांना शिकवलेलं. ते मऊ बोलायला लागले आणि आम्ही ताडकन उठून बसलो. पलटणीत वरचा माणूस मऊ बोलला, म्हणजे घरची वाईट बातमी. दुसऱ्या दिवसापासून तात्या परेडच्या आवाजात ओरडू लागले, "दाहिनी मुठ्ठी, कस! ढीली, छोड!" हुकूमच तो, आम्ही सोडायचो.

डोळे मात्र कुणी मिटेना. तात्या माणदेशातल्या धनगराच्या घरचे. त्यांनी स्टूल दारात ओढलं आणि आमच्याकडे पाठ करून बाहेर बघत बसले. "मेंढरं बी धनी जागा दिसल्याबिगर बसत न्हाईत. मी हाय हितं, पडा." त्या दिवशी माझी मूठ उघडली. शेजारच्यानं तळहातावर टिचकी मारली, तेव्हा मला ते कळलं.

निवृत्तीनंतर ते कडेगावात राहिले. रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात आम्ही पाच-सहा माजी सैनिक सतरंजीवर आडवे, आणि तात्या दारात. एकदा विचारलं, "तात्या, तुमी कवा पडनार?"

"कुनीतरी जागं नगं व्हय रं?" म्हणून त्यांनी विषय मोडला.

खरं काय ते अक्कांनी सांगितलं. तात्या घरीही भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून, बसूनच झोपायचे. वर्षानुवर्षं. आम्हाला आडवं करणारा हा माणूस स्वतः पाठ टेकत नव्हता, आणि आमच्यापैकी कुणी कधी चौकशीही केली नव्हती. त्याचा मला अजून राग येतो, स्वतःचाच.

शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, आणि हे उशांना टेकून दाराकडे बघत बसलेले. मी स्टूल उचललं आणि दारात जाऊन बसलो. "पडा तात्या. मी हाय."

मागे एक उशी सरकली. मग म्हणाले, "आवाज दे."

मी मऊ आवाजात सुरू केलं.

"कोन मेलंय का रं? मोठ्यानं."

मग मी ओरडलो. बोटं, पोटऱ्या, मांड्या, पोट... खांद्यांपर्यंत आलो तर मागून घोरणं ऐकू आलं. अक्का चहा घेऊन आल्या, उताण्या झोपलेल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि तोंडाला पदर लावून चहा तसाच आत घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी आम्ही जमलो खरे, पण सतरंजीवर कुणी पडेना. त्या स्टुलावर बसायची तर कुणाचीच छाती होईना. तेवढ्यात अक्का सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या, आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि खडे वेचू लागल्या. "पडा समदी," म्हणाल्या. आम्ही पडलो. मग इतकी वर्षं भिंतीआडून ऐकलेल्या हिंदीत त्यांनी आवाज चढवला, "दाहिनी मुठ्ठी, कस!"

पुढचं म्हणायला त्यांना फार वेळ लागला. तोवर आम्ही डोळे मिटून, मुठी आवळून पडून राहिलो.