देवीच्या नाकातली आईची नथ

आज सकाळी देवीच्या मुखवट्याला पंचामृताचा अभिषेक घालण्याआधी मी पहिल्यांदाच तिची नथ उतरवली.

ही मोत्यांची नथ माझ्या आईची. भूकंपात आई गेली, ढिगाऱ्यात एवढीच सापडली. मी ती देवीला वाहिली. पण दर शुक्रवारी दूध-दही झेलून मोती पार निस्तेज झाले.

लातूरला क्लासला असलेली लेक काल घरी आली. म्हणाली, "बाबा, दह्याच्या आंबटपणानं मोती झिजतात."

बायको म्हणाली, "मी लई वर्षं हेच सांगायलेय. आता क्लासवालीनं सांगितलं तवा पटलं!"

देवीला वाहिलेलं परत कसं घ्यावं, एवढ्यासाठी अडलो होतो. तुम्ही काय केलं असतं?

मी नथ मऊ ओलसर फडक्यानं पुसली, देवीला हात जोडले आणि बायकोच्या नाकात घातली.