पाण्याचा वाटा

मतमोजणीच्या दिवशी चाळीसगावला सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता, तरी निंबाची पिवळी पानं आपोआप अंगावर गळत होती. आत मतं मोजणं चाललेलं आणि बाहेर झाडाखाली आम्ही सरांची माणसं बसलेलो. रिकाम्या माणसाला काय काम? एकाने सरांची एक गोष्ट काढली की दुसऱ्याला दोन आठवायच्या. किस्से असेच साठतात. हरलेल्या उमेदवाराचे तर जरा जास्तच.

तेव्हा निकाल लागला नव्हता, पण आम्हाला अंदाज होता.

सर म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातले मास्तर. अपक्ष उभे होते. मी आबा, त्यांचा माईकवाला. लग्न, भंडारा, निवडणूक, जिथे आवाज लागेल तिथे माझा भोंगा. शाळा मी बाहेरूनच पाहिली, त्यामुळे सरांची भाषणं हीच माझी शाळा. त्यांचं मुख्य म्हणणं एकच: जमीन ज्याची त्याची असेल, पण जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं. ज्याला गुंठाभर रान नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

आमच्या गावाखालच्या वस्तीतल्या बाया नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरायच्या. आणि वर केळीच्या बागा हिरव्यागार. त्यामुळे सरांचं बोलणं वस्तीला गोड लागायचं. मतं मात्र केळीवाल्यांच्या हातात.

*

पहिली सभा आठवडे बाजारात. सर बैलगाडीवर उभे राहून म्हणाले, "पाण्यात प्रत्येकाला वाटा मिळालाच पाहिजे."

समोर एक म्हातारी वांग्यांचे वाटे लावून बसली होती. तिला वाटलं, नवा दुकानदार आला. तिने खालूनच विचारलं, "भाऊ, मना वांगास्ना वाटा आठ आनाले. तुना पानीना वाटा कितलाले?"

सर कधी थट्टा करत नसत. सरळ म्हणाले, "आजी, फुकट."

म्हातारीने त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. "मंग तुना धंदा बुडना समज."

*

सर दारूबंदीचेही होते. बायांनी मतदान करून दुकान बंद करावं, असं ते मांडायचे. आमचा ढोलवाला नाना मात्र चार घोट पोटात गेल्याशिवाय ढोलाला हात लावत नसे. एका गावात सरांचं दारूबंदीवरचं भाषण रंगात आलं आणि नाना ढोलावर डोकं ठेवून घोरायला लागला. नेमका माईकजवळ! सगळ्या गावाला घोरणं ऐकू गेलं.

सभा संपल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं. नाना हात जोडून म्हणाला, "सर, मी बंदीना विरोधात नही. ती लागाना पहिले आवरी लेस, इतलंच."

*

परीक्षा जवळ आल्या होत्या. सरांनी एका गावात कॉपी बंद करायचं बोलून टाकलं. आतापर्यंत टाळ्या वाजवणारी माणसं एकदम चपला शोधायला लागली. तिथल्या सरपंचाचा पोरगा दहावीला तिसऱ्यांदा बसणार होता. सरपंच मागोमाग जीपपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुम्हले निवडी देतस. फक्त परीक्षा व्हई जाऊ द्या."

*

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, हेही सरांचं एक मत. ते त्यांनी धुळ्यात, जिथे आमचं एकही मत नव्हतं त्या स्वतःच्या गल्लीतल्या सभेत मांडलं. काकू, म्हणजे सरांच्या बायको, पुढेच बसल्या होत्या. हातात रॉकेलचा डबा. भाषण संपेपर्यंत थांबल्या, मग उठून म्हणाल्या, "घरावर माझं नाव सावकाश लावा. आज रॉकेलच्या रांगेत तुमचा नंबर लावा."

सर रांगेत गेले बरं का. भोंगा मी गुंडाळला आणि डबा त्यांनी धरला.

*

मग आमच्याच गावातली सभा आली. सगळं तिथेच ठरणार होतं. प्रचाराचं बघणारे भिका भाऊ सरांना परोपरीनं सांगत होते, की इथे पाण्याचं सोडून काहीही बोला, या वेळी जागा येतेय. सर म्हणाले, "जिथे विहिरी आहेत तिथेच बोलायचं नाही, तर मग कुठे बोलू?"

भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. माईकची वायर त्यांनी स्वतःच्या हातात धरली. सरांनी 'पाणी' म्हटलं की ओढायची.

सर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जरा पाणी द्या."

भाऊंनी वायर ओढली.

गडबड झाली. कोणी तांब्या आणला, मी वायर परत लावली. भाऊंना वाटलं संकट टळलं, ते विडी पेटवायला मागे गेले. आणि सरांनी पाण्याचं सगळं, अगदी सगळं, निवांतपणे सांगितलं.

माझे शेजारी दगडू आप्पा उठले. गावातली सगळ्यात मोठी विहीर त्यांची. म्हणाले, "विहीर मी खंदी, खडक मी फोडा. मंग पानी गावनं कसं?"

सर म्हणाले, "खडक तुमचाच, आप्पा. पण पाणी आत तुम्ही ठेवलं होतं का?"

लोक हसले. केळीवाले सुद्धा हसले. आप्पा टोपी नीट करून निघून गेले आणि त्यांच्या मागोमाग आमची मतंही गेली.

*

दुपारनंतर निकाल लागला. सर पडले. आमच्या गावात वस्ती सोडली तर सरांना फारसं कोणी विचारलं नव्हतं. सर सगळ्यांना चहा पाजून धुळ्याच्या एस.टी.त बसले.

मी भोंगा डोक्यावर घेऊन दिवेलागणीला गावात शिरलो. आप्पांच्या विहिरीवर मोटार चालू होती. पाईप मात्र केळीच्या बागेत नव्हता, उताराला लावलेला होता, आणि खाली वस्तीत बायांच्या हंड्यांचा आवाज येत होता. आप्पा बांधावर एकटेच बसले होते. मी थांबलो तसे त्यांनी तोंड फिरवलं.

मी पुढे निघालो, तेव्हा मागून म्हणाले, "आबा, हाई सरले सांगू नको. नहीते भाषण कराले येई."