कुरुंदवाडच्या सोप्यात वाचलेला ईमेल

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. बारावीवर शिपाई म्हणून पोलिसात भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत जे लिहिलं ते स्टेशन डायरीत आणि लोकांच्या जबाबांत. जबाबाच्या शेवटी आम्ही लिहीत असू, 'वाचून दाखवला, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.' याच्यापुढं माझ्या लिखाणाची मजल कधी गेली नाही.

निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तोही साठी गाठल्यावर. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. मागं एकदा सरांनी खासगीपणाच्या हक्कावर तास घेतला. नोकरानं ऑफिसच्या कंप्युटरवर स्वतःचा ईमेल उघडला तर मालकाला तो वाचता येतो का, असा प्रश्न होता. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "काका, तुम्ही पोलिसात होता. एखादी केस सांगा की."

मी म्हणालो, "तशी काही नाही, सर."

हे खोटं होतं. तशी एक घटना मला आजही आठवते. वर्गात तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितो. कुणाचं नाव लिहिणार नाही. चुकीचं काही लिहिलं गेलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

सात-आठ वर्षं झाली असतील. एका शुक्रवारी सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या, लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीचे मालक ठाण्यात आले. ठाणे अंमलदारानं त्यांना माझ्याकडं पाठवलं. हातात जाड फाईल होती. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या एका नव्या कास्टिंगची ड्रॉइंग दुसऱ्या फौंड्रीवाल्याकडं पोचली आणि हातातली ऑर्डर गेली. ड्रॉइंग गेली ती ऑफिसातल्या मुलीच्या ईमेलवरून. मुलगी कुरुंदवाडची, पंचवीस-सव्वीसची, रोज एसटीनं येऊन-जाऊन काम करणारी.

"पुरावा घेऊनच आलोय," मालक म्हणाले आणि फाईल उघडली. त्या मुलीच्या ईमेलची छापलेली साठेक पानं होती. ड्रॉइंग पाठवल्याचं एक पान सगळ्यात वर. खाली इतर पत्रव्यवहार, जागोजाग लाल पेनानं खुणा केलेला.

"हे कंपनीचं मेल आहे?" मी विचारलं.

"कंपनीचं म्हणजे? मेल तिचंच हाय. पण कंप्युटर माझा, लाईट माझी, वेळ माझा. त्यात हिचं पर्सनल काय असतंय साहेब? चार म्हैनं झालं, मी रोज सकाळी बघतोय. ह्या एका पत्त्यावर सारखं चोरून लिवती. घरचं कायबाय लिवल्यागत करती, त्यो नुसता देखावा. ड्रॉइंग घेणारी पार्टी हीच असणार."

तुम्ही हे कसं उघडलंत, हा प्रश्न मी त्या वेळी विचारायला हवा होता. विचारला नाही. आमच्याकडं कुणी पुरावा हातात आणून दिला, की तो कुठून आणला हे विचारायचं आम्ही विसरतो. चोरीचा माल विकत घेणाऱ्या सोनाराला मात्र तोच प्रश्न आम्ही दरडावून विचारतो.

आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. त्यामुळं कागदावर नाव आमच्या मोठ्या साहेबांचं आणि पायपीट माझी. गुन्हा दाखल करण्याआधी अर्जाची चौकशी कर, असं साहेबांनी सांगितलं.

संध्याकाळी मी ती पानं वाचायला घेतली. मराठीच होती, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, आजची मुलं लिहितात तशी. मला ती नुसत्या नजरेनं वाचता येईनात. एकेक शब्द तोंडानं उच्चारला तरच अर्थ लागे. मी मोठ्यानं वाचत होतो आणि ठाण्यातले दोघे-तिघे हसत होते.

त्यात चोरीचं काही नव्हतं. ती मुलगी तिच्या थोरल्या बहिणीला लिहीत होती. थोरलीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं आणि वडिलांनी घरात तिचं नाव काढायची बंदी केली होती. धाकटीचा फोन वडील रोज तपासत. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कंप्युटरवरून, दोघी बहिणी एकमेकींना लिहीत. थोरलीला वर्षाची मुलगी होती. आईनं नातीला अजून पाहिलं नव्हतं. येत्या गुरुवारी दुपारी आईला देवदर्शनाच्या निमित्तानं कुरुंदवाडच्या घाटावर आणायचं आणि थोरलीनं बाळाला घेऊन तिथं यायचं, असं ठरलं होतं. बेत बदलला तरच धाकटी बुधवारी कळवणार होती.

मला हे शुक्रवारीच समजलं होतं. इथं ते मुद्दाम लिहून ठेवतो.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारायचं, हा नियम आहे. बाईमाणसाची बेअब्रू होऊ नये म्हणून केलेला चांगला नियम. तो मी आयुष्यभर पाळला. सोमवारी फौंड्रीला सुट्टी, मुलगी घरी असणार, म्हणून सोमवारी एका महिला शिपायाला बरोबर घेतलं, डायरीला नोंद केली आणि कुरुंदवाडला गेलो.

घर चांगल्या वस्तीत. घराला लागूनच वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. लिंगायत घर, वडिलांच्या कपाळाला ठसठशीत विभूती. त्यांनी आम्हाला सोप्यात बसवलं.

"बसा पावणं. च्या टाकाय सांगतो. पोरगीनं काय केलंय?"

"काही नाही. कंपनीतली माहिती घ्यायची आहे."

"घ्या की. आमच्या घरात लपवाय काय न्हाय." ते आतल्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं स्वयंपाकघरात मुलीची आई होती. तिच्या हातातल्या कपबशीचा आवाज येत होता.

मुलगी समोर बसली. ड्रॉइंगबद्दल विचारलं तर तिनं सरळ उत्तरं दिली. आपण पाठवली नाही, कुणी पाठवली माहीत नाही. मग मी फाईल काढली आणि लाल खुणेच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

तिनं कागद पाहिला आणि तिचा रंग उडाला. आपलं पत्र माझ्या हातात कसं आलं, हे तिला उमगत नव्हतं.

"मैत्रीण हाय," ती म्हणाली.

पोलिसाच्या अंगात एक सवय भिनलेली असते. समोरचा एका गोष्टीत खोटं बोलला, की दुसऱ्या गोष्टीतही तोच चोर असं वाटायला लागतं. माणसं चोरीसाठी खोटं बोलतात त्याच्या कितीतरी पट घरासाठी बोलतात, हे मला ठाऊक होतं. तरीही खोटं पकडल्यावर ते सोडवेना.

"मैत्रीण?" मी म्हणालो आणि कागद डोळ्यांजवळ धरला. "मग हे काय आहे?"

आणि मी वाचायला लागलो. अडखळत, मोठ्यानं, मला येत होतं तसं. 'अक्का, गुरुवारी अव्वाला घाटावर आणते. तू बाळाला घेऊन ये. अप्पांना काही सांगणार नाही.'

महिला शिपायानं माझ्या बुटावर बूट दाबला. मी वर पाहिलं. मुलीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. आतला कपबशीचा आवाज थांबला होता.

दारातून वडील म्हणाले, "साहेब, पुन्ना एकदा वाचा की."

आवाज चढलेला नव्हता. भाव विचारावा तसं विचारलं. मी तिथं थांबू शकलो असतो. 'तपासाचा भाग आहे, सांगता येणार नाही' हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा वापरतो. नेमकं त्याच वेळी ते सुचलं नाही. मी पुन्हा वाचलं.

वडिलांनी चहाचा ट्रे स्वतः आणून ठेवला. "घ्या, निवतंय," म्हणाले. मग मुलीपुढं हात केला. तिनं आपला फोन त्यांच्या हातावर ठेवला.

परत येताना जीपमध्ये, हातकणंगले मागं पडल्यावर महिला शिपाई म्हणाली, "साहेब, ती अक्का म्हणजे भण हाय तिची. तुमाला म्हाईत हुतं नव्हं?"

"हं," मी म्हणालो.

"मग कशापायी वाचलं?"

कनिष्ठानं असं विचारायचं नसतं, असं मनात आलं आणि त्याचा आधार वाटला.

मंगळवारी मी फौंड्रीच्या ऑफिसात गेलो. मुलगी कामावर आलेली नव्हती. भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड होता, प्रत्येक खिळ्याखाली नावाची चिठ्ठी. त्याखालीच दोरीला एक लांब वही बांधलेली.

"ही कसली?"

"पासवर्डची," मालक म्हणाले. "आमच्यात जिथं कुलूप हाय, तिथली दुसरी किल्ली हापिसात. पयल्यापासनं नियम हाय. कामाची मेलं ही पोरं आपापल्याच मेलवरनं धाडत्यात, मग त्याचीबी किल्ली हितं पायजे की."

वहीत त्या मुलीच्या नावापुढं तिच्या स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड होता. तिच्याच सुवाच्य अक्षरात. कामावर लागली त्या दिवशी सांगितलं आणि तिनं लिहून दिला. शाळेत हजेरी द्यावी तसा.

"ही वही कोण कोण बघतं?"

"कोणबी. टांगलीयच की."

तेव्हा कुठं मी फाईलमधलं सगळ्यात वरचं पान, ड्रॉइंग पाठवल्याचं, नीट पाहिलं. तारीख आणि वेळ छापलेली होती. कॅलेंडर काढलं. वार सोमवार, सकाळचे अकरा. सुट्टीचा दिवस. गेटचं रजिस्टर मागवलं. त्या दिवशी तीनच नावं होती. भट्टीच्या अस्तराची दुरुस्ती करणारे दोन कामगार आणि मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालकांचा मेव्हणा.

ते पान शुक्रवारीच बघायला हवं होतं. पण साठ पानांत तेच एक पान कोरडं होतं. बाकीच्यांत दोन बायकांचं मन होतं आणि मी ते वाचत बसलो.

बुधवारी मेव्हण्याला ठाण्यात बोलावलं. गेटचं रजिस्टर आणि ते पान शेजारी शेजारी ठेवलं. पंख्याकडं बघत त्यानं कबूल केलं.

"तिच्याच मेलवरून का पाठवलीस?"

"भावजी तिचंच मेल रोज बघत हुतं. ती कायतरी लपवती म्हणून आधीच बोंब हुती. तिच्या नावावर खपंल वाटलं."

ही त्याची हुशारी नव्हती. मालकांनी चार महिने तिच्यावर संशयाचं लिंपण केलं होतं, त्यानं फक्त त्यावर बोट उमटवलं.

मालकांना बोलावलं. ते खुर्चीत खचले. मग म्हणाले, "साहेब, घरातलं हाय. बायकोचा सख्खा भाऊ. मिटवून टाका." त्यांनी अर्ज मागं घेतला. घरातली गोष्ट घरात राहावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. आम्ही अर्ज निकाली काढला. तिच्या पत्रांची साठ पानं अर्जाला जोडलेली असल्यामुळं रेकॉर्डला गेली.

हे सगळं बुधवारी संध्याकाळी संपलं. गुरुवार अजून उगवायचा होता. थोरल्या बहिणीचा ईमेल पत्ता माझ्यासमोर लाल खुणेसकट होता. 'येऊ नका, घरी कळलं आहे, आईचा यात दोष नाही' एवढं मला कळवता आलं असतं. मनात आलंही. पण हे पोलिसाचं काम नाही असं वाटलं. लोकांच्या घरच्या भानगडीत आपण पडू नये. सोमवारी मी त्यांच्या सोप्यात बसून काय केलं होतं, हे तेव्हा मनात आलं नाही.

गुरुवारी मी बंदोबस्ताला होतो. दुपारी घड्याळ पाहिलं तेव्हा आठवलं, आणि मग पुन्हा कामाला लागलो.

शनिवारी त्याच महिला शिपायाला घेऊन कुरुंदवाडला गेलो. मुलीवर काही बालंट नाही, हे सांगायला. वडील दुकानातून उठून आले नाहीत. गल्ल्यावरूनच बोलले.

"चोर न्हाई हे मला ठाव हुतं, साहेब. तेवढं सांगाय एवढ्या लांब आला?"

"तिची नोकरी..."

"तिला कशाला पायजे नोकरी?"

निघताना मुलगी सोप्याच्या खिडकीत दिसली. मला म्हणाली, "ती कागदं कुठं हायत?"

"रेकॉर्डला."

"किती वर्सं ठेवत्यात?"

मी काहीतरी आकडा सांगितला. तिनं मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

या घटनेनं मला काय शिकवलं, हे लिहिताना हात थांबतो. मालकाला नोकराचं खासगी पत्र वाचायचा हक्क नाही, असं मी आता वर्गात शिकतो, आणि ते पटतं. पण मालकानं ती पत्रं वाचली ती एकट्यानं, दार लावून. ती जिथं कधीच पोचायला नको होती तिथं पोचवली मी, नियमानं डायरीला नोंद करून. कागद पुरावा आहे की कुणाची पत्रं आहेत, एवढं बघायला कायद्याचं ज्ञान लागत नव्हतं. मी मनातल्या मनात वाचायला शिकायला हवं होतं. सेवेत असलेल्या माझ्या लहान भावंडांना एवढंच सांगतो की घरी जाऊन विचारा हा नियम त्या बाईसाठी आहे, घराला सांगण्यासाठी नाही.

मागच्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरून राजारामपुरीत रिक्षाची वाट बघत उभा होतो. ती महिला शिपाई समोर आली. आता हवालदार झालीय, केस पिकलेत. तिचं माहेर कुरुंदवाडजवळ, शिरोळकडचं, त्यामुळं त्या घराची बातमी तिला असायची. इतकी वर्षं मी विचारली नव्हती आणि तिनं सांगितली नव्हती.

"त्या कुरुंदवाडच्या पोरीची आई गेली, साहेब," ती म्हणाली. "मी मातीला गेलते. थोरली आलती, लेकीला घेऊन. लेक केवढी झालीय. कुणी अडवलं न्हाई."

"बरं झालं," मी म्हणालो.

"बरं कसलं. धाकटी तिच्या गळ्यात पडून सांगाय लागली, त्या गुरुवारी आईला का येता आलं न्हाई ते. तवा थोरलीला कळलं. थोरली आलती की त्या गुरुवारी. दुपारच्या गाडीनं. दिवस मावळंपर्यंत घाटाच्या पायरीवर बाळाला घेऊन बसलती. आईनंच यायचं टाळलं असं समजून गेली, आणि परत कधी लिवलं न्हाई."