नारळ माझ्या ड्रॉवरमध्ये

टेस्टिंगवाल्यांकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. दर नव्या व्हर्जनला एखादा पदरात पडतोच. हल्ली ऑफिसचा नारळ माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात असतो. का, ते ऐका!

आमचं ऑफिस सातपूरला. कांद्याच्या चाळीत सेन्सर बसवायचा. आत दमट झालं की शेतकऱ्याच्या फोनवर अलार्म वाजतो आणि तो अ‍ॅपवरून पंखे लावतो. काम एवढंच. पण एवढ्यातही आम्ही घातलेले घोळ विचारू नका!

नवं व्हर्जन सोडताना सर स्वतः नारळ फोडायचे. टेस्टिंग? ते नंतर! एकदा म्हटलं, "सर, दोन तास द्या, जुनं सगळं चालतंय का बघते." तर म्हणाले, "अगं, मुहूर्त टळेल!" खोबरं हातोहात संपलं आणि अ‍ॅप उघडेचना.

निखिल आमचा डेव्हलपर. त्याचं पालुपद ठरलेलं, "काही नाही गं, फक्त बटणाचा रंग बदललाय." रंग बदलला आणि पंखेच सुरू होईनात! चांदवडच्या आप्पांचा फोन आला तेव्हा, म्हणजे बारा दिवसांनी, आम्हाला कळलं. त्यांचा कांदा थोडक्यात वाचला. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "पण रंग छान आलाय ना?" काय बोलायचं याला!

मग मी वही घातली. सापडलेली प्रत्येक चूक लिहायची आणि दर व्हर्जनला परत तपासायची. सर म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरून काढतेस?" मिटलेलं म्हणे! अलार्म न वाजण्याची चूक वहीच्या पहिल्या पानावर होती. उन्हाळ्यात दुरुस्त केली, पावसाळ्यात नव्या व्हर्जनबरोबर तीच परत आली. तेव्हाही वही उघडायच्या आधी नारळ फुटला होता. आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

त्या वेळी आप्पा स्वतःच ऑफिसात आले. दिवाळीपर्यंत राखलेला सगळा कांदा त्यांच्या चाळीत होता. सरांनी चहा मागवला. निखिल म्हणाला, "माझ्या फोनवर तर वाजतोय!" आप्पांनी कपाला हातही लावला नाही.

सर तक्रारीचा फॉर्म भरायला बसले. "आप्पा, अलार्म बंद पडलाय हे तुम्हाला कळलं कसं?"

आप्पा म्हणाले, "वास आला."